सहाशे वर्षांचा तरुण डोंगर

मृदुलाबाई हॅमिल्टनला मुलाकडे आल्यापासून कशालाही नाही म्हणत नव्हत्या. शार्दूल म्हणाला बागेत जाऊ, की त्या चप्पल घालून तयार. दीप्ती म्हणाली मॉलमध्ये चला, की त्या पर्स घेऊन गाडीत. देवळात, कुणाच्या बार्बेक्यूला, नदीकाठच्या बाकावर, जिथे नेतील तिथे त्या जात आणि बसवतील तिथे बसत. कुणी विचारलं, न्यूझीलंड कसं वाटतंय, तर "छान आहे हो, स्वच्छ आहे," एवढं म्हणून हसत. पाहुण्यांना वाटे, काय समाधानी बाई आहे. घरातल्यांना मात्र कळत होतं, की ज्याला काहीच नको असतं, त्यालाच सगळं चालतं.

मुळात बाई अशा नव्हत्या. कराडच्या कॉलेजात त्यांनी उभा जन्म भूगर्भशास्त्र शिकवलं होतं. डोक्याला रुमाल, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात हातोडी अशा थाटात पोरांना घेऊन त्या सह्याद्रीच्या कडेकपारींतून हिंडत. त्यांचा आवाज असा, की दोन टेकड्यांपलीकडे रेंगाळणारी पोरंही धावत परत येत. बरोबर रमणराव असायचे. ते बँकेत होते, दगडांमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण बायकोच्या प्रत्येक सहलीला रजा टाकून यायचे. चहाचा स्टोव्ह आणि औषधांची पेटी ही त्यांची खाती. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला मधमाशी चावली, की बाई जखमेवरची नजर न काढता हात मागे करत, आणि रमणराव हवी ती वस्तू त्या हातात ठेवत. दीड वर्षापूर्वी रमणराव झोपेतच गेले. बाईंनी हातोडी कपाटात ठेवली, ती पुन्हा काढली नाही.

शार्दूलला वडिलांच्या वेळी पोचता आलं नव्हतं. तो उतरला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून तो आईला काचेच्या भांड्यासारखं सांभाळत होता. आईचे गुडघे, आईचं बीपी, आईला थंडी, आईला ऊन. जिना उतरताना तो एक पायरी खाली उलटा चाले. बाई त्यालाही नाही म्हणत नसत.

दीप्ती दूध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायची. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिनं फोन सासूबाईंसमोर धरला. ऑकलंडच्या समुद्रातल्या रांगिटोटो बेटाचा फोटो होता. काळ्याकुट्ट दगडांचं रान आणि त्यात मधेच एक हिरवं झाड.

"आई, हा दगड आपल्याकडचाच वाटतो ना?"

बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या, दोन बोटांनी तो मोठा केला, पुन्हा बघितला. "जात तीच आहे," त्या म्हणाल्या. "पण हा फार लहान आहे."

"लहान? अख्खा डोंगर आहे तो."

"वयानं लहान. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा. हे बेट समुद्रातून वर आलं त्याला जेमतेम सहाशे वर्षं झाली असतील. देवगिरी पडली त्यानंतरची गोष्ट." त्यांनी फोन खाली ठेवला नव्हता. "मी जन्मभर म्हातारा दगड दाखवून पोरांना सांगत आले, की हा तरुणपणी असा असेल, तसा असेल. तरुण दगड मी स्वतः कधी पाहिलाच नाही."

"बघायचाय?"

"हो," बाई म्हणाल्या. हा हो आजवरच्या होकारांसारखा नव्हता. दीप्तीनं तो बरोबर ओळखला आणि त्याच रात्री फेरीबोटीची तिकिटं काढली.

शार्दूलनं पुष्कळ खळखळ केली. बेटावर दुकान नाही, पाणी नाही, सावली कमी, वाट सगळी खडबडीत. शेवटची बोट चुकली तर अडकायला होतं. शेवटी दीप्तीनं मध्यम मार्ग काढला: आईंनी धक्क्याजवळच्या निवाऱ्यात बसायचं, तिथूनही दगड दिसतातच, आणि बाकीच्यांनी माथ्यावर जाऊन यायचं. बाई यालाही बरं म्हणाल्या.

डिसेंबरातल्या शनिवारी सगळे पहाटे निघाले. ऑकलंडच्या धक्क्यावर बोटीत चढण्याआधी बुटांचे तळवे ब्रशनं घासायचे होते आणि पिशव्या उघडून दाखवायच्या होत्या. नऊ वर्षांच्या सलोनीला मराठी सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीत यायचं. आजीनं हे कशासाठी म्हणून विचारल्यावर ती म्हणाली, "सो द रॅट्स डोन्ट कम, आजी. अँड सीड्स. दे ईट ऑल द बर्ड एग्ज. नॉट द सीड्स, द रॅट्स." बाईंना ही व्यवस्था मनापासून आवडली. देवळात शिरताना पाय धुवावेत तसे त्यांनी बूट निगुतीनं घासले.

बोट बंदराबाहेर पडली आणि बेट समोर आलं. पालथी घातलेली परात आणि तिच्यावर मधोमध पालथी घातलेली वाटी, असा त्याचा आकार. दोन्ही अंगांना उतार सारखाच, जणू कुणी मोजूनमापून धरलाय. बाई आत बसायला तयार झाल्या नाहीत. वाऱ्यानं पदर फडफडत होता, शार्दूल स्वेटर घेऊन मागे उभा होता, आणि त्या कठडा धरून बघत होत्या. लाव्हा पातळ होता म्हणून असा पसरला, असं त्या पुटपुटल्या. कुणाला उद्देशून, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बेटावर पाय ठेवला तेव्हा ऊन तापू लागलं होतं. धक्क्यापासूनच काळे धोंडे सुरू झाले. त्यांना ना माती ना गवत. फोडलेल्या कोळशाचे ढीगच्या ढीग कुणी ओतून ठेवल्यासारखे ते समुद्रापासून वर चढत गेले होते. कडा इतक्या धारदार, की काल फुटल्या असाव्यात. आणि त्या काळ्या पसाऱ्यात जागोजाग पोहुटुकावाची झाडं लाल फुलांनी पेटली होती. वडाच्या पारंब्यांसारखी त्यांची मुळं दगडांच्या फटीत उतरली होती. खाली किनाऱ्यावर कोकणातल्यासारखी खारफुटी उभी होती, पण चिखलाऐवजी कातळावर.

बाई वाकल्या. गुडघा कुरकुरला, त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. एका धोंड्यावर त्यांनी तळवा ठेवला. दगड जाळीदार होता. आतली वाफ निसटून गेल्याची भोकं अजून तशीच उघडी होती. आपल्याकडे या भोकांमधून कोट्यवधी वर्षं पाणी झिरपून त्यांत स्फटिक भरलेले असतात. इथे ती नुसती रिकामी होती, अजून कशानं भरायची ते ठरायचं होतं. दगडावर करड्या रंगाची खरबरीत बुरशी वाढली होती. सलोनीला त्यांनी सांगितलं, की हे दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते याच्याच भावकीतलं.

"वी ईट दॅट?" सलोनीनं डोळे मोठे केले.

"दर रविवारी आमटीतून खातेस तू."

दीप्तीनं नवऱ्याकडे बघितलं. आई आज आपणहून बोलत होत्या. पण शार्दूलचं लक्ष ऊन, वाट आणि घड्याळ यांत होतं. त्यानं आईला निवाऱ्यातल्या बाकावर बसवलं, पाण्याची बाटली, छत्री आणि थालीपिठांचा डबा शेजारी ठेवला आणि इथून हलायचं नाही असं दोनदा बजावलं. फोटोंसाठी सलोनीनं आजीचा फोन मागून घेतला होता. तो तिच्याकडेच राहिला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिघं वर गेली.

बाई बसल्या. खरोखर बराच वेळ बसल्या. बोटीतून उतरलेली माणसं पांगली आणि शांतता झाली. समोर वाट दिसत होती. काळी खडी पसरलेली, फारशी चढाची नाही. त्या वळणापर्यंत जाऊन यायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं. वळणापर्यंत गेल्या. तिथून पुढचं झाड दिसलं, त्याच्याखाली सावली होती. सावलीपर्यंत गेल्या. तिथे पोहुटुकावाच्या खाली पालापाचोळा कुजून मूठभर माती झाली होती, आणि त्या मातीत नेचा, शेवाळ आणि आणखी दोन-चार जातींची रोपं दाटीनं उभी होती. झाडाच्या सावलीची जिथे हद्द, तिथेच हिरवळीचीही हद्द. त्यापलीकडे पुन्हा उघडा कातळ. शेपटीचा पंखा करून नाचणारा एक इवलासा पक्षी, आपल्या नाचणासारखाच, त्यांच्या पावलांमागून येत होता. बाईंना आता परतायचं मुळीच मनात नव्हतं. हातात छत्री आणि खांद्याला पिशवी होतीच. त्या हळूहळू पुढे निघाल्या.

मग तो आवाज आला.

दगडावर दगड. टक, टक, टक, आणि थोडं थांबून पुन्हा तसंच. आपोआप गडगडलेला दगड असा वाजत नाही, हे बाईंच्या कानाला लगेच कळलं. कुणीतरी मुद्दाम ठोकत होतं. त्यांनी हाक मारली. ठोकणं एकदम वाढलं, आणि वाटेच्या डाव्या अंगाच्या खळग्यातून बारीक आवाज आला.

वाट सोडून धोंड्यांवर उतरायचं म्हणजे प्रत्येक पाऊल आधी चाचपायचं. बाईंनी छत्री मिटून काठीसारखी धरली आणि एकेक दगड दाबून बघत त्या खाली गेल्या. पंच्याहत्तरीच्या पलीकडची एक गोरी बाई तिथे आडवी पडली होती. डोक्यावर फडक्याची टोपी, हातांत बागकामाचे हातमोजे, शेजारी गोणपाटाची पिशवी. तिचा उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत एका चपट्या शिळेखाली गेला होता. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. फोन कुठल्याशा फटीत पडला होता.

तिनं सांगितलं की तिचं नाव नोएलीन. बेटावर बाहेरून आलेलं तण काढणाऱ्या गटातली ती एक. बाकीचे लोक बेटाच्या दुसऱ्या अंगाला होते. मॉथ प्लांटची वेल दिसली म्हणून ती एकटीच खाली उतरली, आणि शिळा कलंडली. बोलता बोलता ती पाय ओढून काढायला बघत होती.

"ओढू नका," मृदुलाबाई म्हणाल्या. "अजिबात हलवू नका."

त्यांचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं होतं, पण सूर सहलीतला होता. नोएलीन थांबली.

बाई खाली बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. शिळेच्या मागच्या टोकावर वरचा एक मोठा धोंडा रेलला होता. शिळा उचलली की तो घसरणार आणि पायावरच येणार. नोएलीनच्या ओढण्यानं तो अगोदरच थोडा सरकला होता. खालच्या दगडावर ताजा ओरखडा दिसत होता. आधी शिळा जिथे आहे तिथे पक्की करायला हवी होती. बाईंनी आजूबाजूच्या छोट्या कपच्या गोळा केल्या आणि गवंडी भिंतीत चिपा ठोकतो तशा एकेक करून शिळेच्या दोन्ही कडांखाली बसवल्या. हाताला दोन ठिकाणी कापलं. मग त्यांनी घोट्याजवळचं रक्त पाहिलं आणि पट्टीसाठी, नजर न काढता, हात मागे केला.

हात तसाच राहिला. मागे कुणी नव्हतं.

दीड वर्षात इतके लोक भेटायला आले, इतकं सांत्वन झालं, दिवसवार झाले, वर्षश्राद्ध झालं. पण रमणराव नाहीत हे त्या रिकाम्या हाताला जितकं कळलं, तितकं तोवर कशालाच कळलं नव्हतं. डोळे भरून आले. नोएलीनला वाटलं आपली अवस्था फार वाईट दिसतेय, म्हणून तिनं घाबरून काय झालं ते विचारलं. बाईंनी मान हलवली. मग त्यांनी तो हात स्वतःच्या खांद्याकडे नेला, पदराचं टोक दातांत धरून टर्रकन फाडलं आणि पाय दिसत होता तिथवर घट्ट बांधलं.

वाटेवर पावलं वाजली तेव्हा त्यांनी अशी हाक दिली, की झाडावरचे पक्षी उडाले. पाठीशी तान्हं बाळ बांधलेली एक तरुणी होती. तिला खाली उतरवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी तिला वरच उभं राहून मदतीसाठी फोन करायला सांगितलं आणि मग धक्क्यावर जाऊन बेटावरच्या रेंजरला घेऊन यायला सांगितलं. ती पोरगी "येस, येस," म्हणत जवळजवळ धावतच गेली.

मग दोघी वाट बघत राहिल्या. बाईंनी छत्री उघडून नोएलीनच्या चेहऱ्यावर धरली. काळ्या दगडातून आता वाफा निघाव्यात तसं ऊन परतत होतं. पाणी पाजलं. बोलतं ठेवायचं, झोपू द्यायचं नाही, हे रमणरावांचंच शास्त्र. नोएलीनही बोलायला लागली. तिचे उच्चार बाईंना निम्मे कळत, उरलेले त्या अंदाजानं भरून घेत. तिच्या वडिलांनी या बेटावर स्वतःच्या हातांनी सुट्टीतलं छोटं घर बांधलं होतं. इथे त्याला बाच म्हणतात. तिचे लहानपणचे सगळे उन्हाळे इथे गेले. तेव्हा बेटावर ऑस्ट्रेलियातून आणलेले पोसम आणि वॉलबी हे प्राणी माजले होते, झाडांची पानं खाऊन खाऊन त्यांनी रान उघडं पाडलं होतं. वडील म्हणत, हे बेट काही आता सावरत नाही. मग लोकांनी वर्षानुवर्षं खपून ते प्राणी काढले, उंदीर काढले. तेव्हा कुठे जंगल सावरलं, आणि गेलेले पक्षी परत आणून सोडता आले. वडिलांना हे बघायला मिळालं नाही. म्हणून ती तण काढायला येते. मॉथ प्लांटची शेंग फुटली की कापसाळ बिया वाऱ्यावर सुटतात, असं ती सांगत होती, तेव्हा बाईंना लगेच रुई आठवली. आमच्याकडे अशा बियांना म्हातारी म्हणतात, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा तेवढ्या कळांमध्येही नोएलीन हसली.

मग तिनं शेजारच्या बेटाची गोष्ट सांगितली. मोटुटापू हे जुनं बेट रांगिटोटोला चिकटूनच आहे. हा डोंगर फुटला तेव्हा तिथे माओरी लोकांची वस्ती होती. राख पडली आणि गाव गाडलं गेलं. पण त्या राखेच्या थरांत माणसांच्या पावलांचे ठसे सापडले आहेत, आणि बरोबर कुत्र्यांचे. डोंगर अजून पुरता शांतही झाला नव्हता, तर लोक परत आले होते. राखेत त्यांनी वाफे केले आणि पुन्हा लागवड केली.

"राख अजून गरम असेल," मृदुलाबाई म्हणाल्या.

"असेल. पण पेरणीची वेळ झाली असणार."

बाईंनी शेजारच्या दगडाच्या उघड्या भोकांवरून बोट फिरवलं.

एवढ्यात वाटेवरून "आई! आई!" अशा हाका आल्या. माथ्यावरून उतरताना शार्दूलनं सलोनीच्या हातात आईचा फोन बघितला होता, आणि तिथून तो पळतच सुटला होता. निवाऱ्यातला बाक रिकामा होता. धक्क्यावर ती बाळवाली तरुणी कुणाला तरी सांगत होती, की वर एक म्हातारी बाई दगडात अडकली आहे आणि तिच्याजवळ साडी नेसलेली एक बाई आहे. शार्दूलनं यातलं अर्धंच ऐकलं. तो खळग्याच्या काठाशी पोचला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईचा फाटका पदर आणि हातावरचं रक्त पाहून तो धडपडत खाली यायला निघाला.

"थांब," बाई म्हणाल्या. "उजवीकडून ये. पाय टाकायच्या आधी दाबून बघ."

तो थांबला. उजवीकडून आला. जवळ येताच तो बोलू लागला, की तुला मी काय सांगितलं होतं, तुझं बीपी, तुझे गुडघे...

"शार्दूल, तो मागचा धोंडा दोन्ही हातांनी धर. हलवू नकोस. नुसता धर. मी सांगेपर्यंत श्वाससुद्धा जोरात घेऊ नकोस."

त्यानं आईकडे बघितलं. या आवाजाला उत्तर द्यायचं नसतं, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलं होतं. त्यानं पाय रोवले आणि धोंड्याला खांदा दिला. बाईंनी नोएलीनच्या बुटाखालचे दोन बारके दगड, दाढेखालचा खडा काढावा तसे, अलगद सरकवून काढले. पायाखाली पोकळी झाली. बुटाची नाडी कापायला नोएलीनच्या पिशवीतली कात्री मिळाली. "आता," असं म्हणून बाईंनी पाऊल खाली दाबून बाहेर घेतलं. नोएलीन एकदाच किंचाळली आणि पाय सुटला.

रेंजर गाडी घेऊन आला तेव्हा पाय छत्रीच्या दांड्याला सरळ बांधून झाला होता. त्यानं तो बघितला, पट्टी न सोडता वरून चाचपला आणि कुणी बांधलं म्हणून विचारलं. मग म्हणाला, "स्वीट ॲज." तोवर दीप्तीबरोबर खळग्याच्या काठाशी पोचलेल्या सलोनीनं आजीला समजावून सांगितलं, की म्हणजे एकदम बेस्ट.

परतीच्या बोटीत शार्दूल आईजवळ येऊन बसला. दीप्ती सलोनीला घेऊन मुद्दाम पलीकडे गेली. दोघं मागे पडत जाणाऱ्या बेटाकडे बघत होती.

"बाक सोडून का गेलीस, हे विचारणार होतो," तो म्हणाला.

"मग विचार."

"नाही विचारत." मग तो म्हणाला, "बाक रिकामा दिसला ना, तेव्हा मला वाटलं, परत उशीर झाला."

बाईंनी त्याचा हात हातात घेतला. त्याच्या खांद्यावर धोंड्याचा ओरखडा उठला होता. "बाबांच्या वेळी तू इथे असतास काय नि तिथे असतास काय, त्यांनी कुणालाच वेळ दिला नाही. मी शेजारी झोपले होते, मलाही नाही दिला." "मी मोडायची तेव्हा मोडेन, शार्दूल. तोवर मला बाकावर ठेवू नकोस."

त्यानं पाण्याची बाटली उघडून आईपुढे धरली. पण ऑकलंडच्या धक्क्यावर उतरताना तो पुढे उलटा चालला नाही. शेजारून चालला.

नोएलीनच्या घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. नाताळानंतर तिनं दीप्तीच्या फोनवर निरोप ठेवला, की त्या दगडवाल्या बाईंना भेटायचं आहे. तिचं घर डेव्हनपोर्टला होतं आणि खिडकीतून बेट दिसे. पाय स्टुलावर ठेवून तिनं गाऱ्हाणं सुरू केलं: शेंगा भरत आल्यात, गटात आधीच माणसं कमी, आणि मी ही अशी. मृदुलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला शिकवाल का, असं विचारलं. दीप्ती सांगते, की दोन म्हाताऱ्या मग संध्याकाळपर्यंत टेबलावर पानं पसरून बसल्या होत्या.

जानेवारीपासून बाई शनिवारी तण काढायला जाऊ लागल्या. पहिल्या खेपेला शार्दूल बरोबर गेला. दुसऱ्या खेपेला सलोनीही आली आणि दिवसभर "आजी, धिस वन?" विचारत राहिली; पुढेपुढे "आजी, हे?" असंही विचारू लागली. त्यानंतर शार्दूल आईला हॅमिल्टनच्या बसमध्ये बसवून देऊ लागला. बस सुटेपर्यंत तो उभा राही, हे खरं, पण फोन बाईच करत. पोचल्यावर एक आणि निघताना एक. साडीच्या जागी सलवार-कमीज आणि हातमोजे आले. गटातल्या लोकांना डबा खाताना बाई दगड दाखवून सांगत, की हा आधी थंड झाला, हा नंतर. इथून वाफ सुटली, इथे प्रवाह अडला. ऐकायला लोक आपापले डबे घेऊन जवळ सरकत.

कराडच्या आशालतेला, त्यांच्या जुन्या सहकारी मैत्रिणीला, त्यांनी एकदा फोन केला आणि रमणरावांविषयी प्रथमच रडून घेतलं. ते झाल्यावर विचारलं, की शाळेतल्या पोरांना रविवारी आगाशिवच्या डोंगरावर न्यायचं म्हटलं तर कुणाशी बोलायला लागेल? आशालता म्हणाली, आधी तू ये तर खरी.

एप्रिलमध्ये परतायचं ठरलं. त्याआधीच्या शनिवारी नोएलीन काठी टेकत हजर झाली. ट्रॅक्टरच्या गाडीनं तिला माथ्याच्या जरा खालपर्यंत आणलं, आणि तिथून लाकडी पायऱ्या दोघींनी मिळून चढल्या. नोएलीनचा घोटा आणि मृदुलाबाईंचा गुडघा, दोघांनाही घाई नव्हती. मागून येणाऱ्या पोराटोरांना त्या वाट देत होत्या.

माथ्यावर पोचल्यावर मृदुलाबाई थेट विवराच्या काठाशी गेल्या. खोल, गोल, प्रचंड वाडगं. जिथून आग उसळली होती, ते काठोकाठ झाडांनी भरलं होतं. पानांवर रात्रीच्या पावसाचं पाणी होतं आणि तळातून कुठला तरी पक्षी शीळ घालत होता. नोएलीन म्हणाली तो टीएके, पाठीवर तांबूस खोगीर असलेला. तिच्या लहानपणी इथे एकही नव्हता. बाईंनी मान पुढे करून पुष्कळ शोधला. दिसला नाही. ऐकू मात्र येत राहिला.

"डिसेंबरात परत येईन," त्या म्हणाल्या. "तेव्हा दाखवा."

"तोवर तण कोण काढणार?"

"सलोनीला शिकवून ठेवलंय. शार्दूललाही थोडं येतं."

दोघी बाकावर बसल्या. बाईंनी डबा उघडला. नोएलीनला थालीपीठ तिखट लागलं, नाक पुसत तिनं आणखी अर्धं मागून घेतलं. एका अंगाला अख्खं ऑकलंड पसरलं होतं, दुसऱ्या अंगाला मोटुटापूची हिरवी कुरणं. ऊन कलायला लागलं, तशी खाली लांब धक्क्याला बोट लागताना दिसली. नोएलीननं काठी टेकली, मृदुलाबाईंनी पिशवी खांद्याला लावली, आणि दोघी बोलत बोलत पायऱ्या उतरू लागल्या.